तेवीस किलोत जपान

बॅग भरण्यात आमच्या घरात माझ्याइतका जाणकार माणूस नाही, आणि ही गोष्ट मी स्वतः सगळ्यांना सांगितलेली आहे.

याला आधार आहे. मी तेहेतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. पारनेर-नगर, पारनेर-शिरूर, श्रीरामपूरची मुक्कामी गाडी... या सगळ्या रस्त्यांवर लोकांची बोचकी मी नुसत्या नजरेनं तोलली. माणूस दारात पोतं टेकवायचा आणि मी जागेवरूनच सांगायचो, "एकतीस किलो. लगेजचं तिकीट फाडावं लागंल." पुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. (गाडीत वजनकाटा नसायचा, त्यामुळं मी चुकलो हे दाखवायला कुणाकडं काही नव्हतं. हा मुद्दा मंदाचा. मंदा म्हणजे माझी बायको. माझ्या नोकरीबद्दलचे असे बरेच मुद्दे तिनं मी रिटायर झाल्यावर काढले आहेत.)

आमची एकुलती एक मुलगी शुभांगी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथं गाड्यांचे बारीक बारीक पार्ट बनतात, आणि ते नीट बनलेत का हे ती तपासते. म्हणजे चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. आमच्या घरात हे काम आजवर फुकट चालायचं.

गेल्या वर्षी कंपनीनं तिला एका वर्षाच्या ट्रेनिंगला जपानला पाठवलं. अख्ख्या कारखान्यातून तिघं निवडले, त्यात मुलगी ही एकटीच! बातमी आली त्या दिवशी मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन निघालो. गल्ली संपली, पेढे उरले. स्टँडवर गेलो, एक गाडी उभी होती, तिच्यात चढलो आणि पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत वाटत गेलो. शेवटी सवयीनं तोंडातून गेलंच, "आणखी कोण राहिलंय का?"

तर या शुभांगीचा मार्चमध्ये फोन आला.

"आप्पा, एप्रिलमध्ये तुम्ही आणि आई दहा दिवस इकडं यायचंय. फिरायला. तिकिटं मी काढलीत."

"अगं, आधी विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आता ऐका. दोघांना एकेक बॅग, प्रत्येकी तेवीस किलो. त्याच्यावर एक ग्रॅम नाही. इकडं अजून गारठा आहे. स्वेटर, थर्मल, पायमोजे, चालायला बरे बूट. बीपीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बास. फळं नको, भाजी नको, कच्चं धान्य नको. आणि आप्पा, बॅगेला अडकवायचा एक छोटा वजनकाटा मिळतो. तेवढा विकत घ्या."

मी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडं बघत राहिलो. मला! वजनकाटा!

"काटा कशाला पायजे?" मी मंदाला म्हणालो. "आपली नजर हाय की."

"व्हय," मंदा म्हणाली. "नजर हाय म्हनूनच भ्या वाटतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही खरेदीला नगरला गेलो. बॅगांच्या दुकानात मालकानं नुसतं "या काका" म्हटलं, तर मी उत्तर दिलं, "जपानला निघालोय." दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मला ते आवडलं. मग मी बुटांच्या दुकानात सांगितलं, मेडिकलमध्ये सांगितलं, आणि लिंबू सरबताच्या गाडीवर सरबतवाला "बर्फ टाकू का?" असं विचारत होता त्यालाही सांगितलं.

"मोठ्यात मोठी बॅग दाखवा," मी बॅगवाल्याला म्हणालो.

"एवढी मोठी कशाला?" मंदा म्हणाली. "मोठी घेतली की भरावी लागती."

"राहिली मोकळी तर राहू दे की."

"आपल्या घरात कधी काय मोकळं राहिलंय?"

मी दोन मोठ्या बॅगा घेतल्या. लाल. चार चाकांच्या. उभी केली की मंदाच्या छातीला लागायची. नुसती रिकामी बॅग पाच किलोची होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. बूट मी एक नंबर मोठा घेतला, कारण विमानात पाय फुगतात असं मला कुणीतरी सांगितलं होतं. (कुणी, ते आठवत नाही. त्याला शोधतोय.) चालताना आधी मी निघायचो आणि मग बूट निघायचे.

थर्मल मात्र मिळेना. एप्रिल तोंडावर आलेला, नगरमध्ये रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि मी दुकानादुकानात लोकरीचे कपडे मागत हिंडत होतो. शेवटी एका दुकानदारानं माळ्यावरून एक खोका खाली ओढला, धूळ फुंकली आणि माझ्याकडं काळजीनं बघत विचारलं, "काका, घरी बरंय ना सगळं?"

घरी आल्यावर मला वाटलं, आणलेल्या मालाची चाचणी घ्यावी. गाडी लांबच्या रूटला काढायची तर आधी ब्रेक बघतात, हवा बघतात; हे तर जपान! दुपारी चार वाजता मी थर्मल घातलं, त्यावर स्वेटर, त्यावर कोट, कानटोपी, दोन दोन पायमोजे, मोठे बूट. मोठी बॅग हातात धरली आणि गल्लीतून स्टँडच्या दिशेनं निघालो. बाहेर चाळीसच्या पुढं पारा. लिंबाखाली बसलेली कुत्री उठून उभी राहिली.

शेजारच्या कुसुमवहिनी धावत बाहेर आल्या. "अगं बाई! मंदाताई, भावजींना थंडीताप भरलाय! बॅग घेऊन निघालेत कुठं, दवाखान्यात?"

"न्हाई हो," मंदा दारातनं म्हणाली. "जपानला."

मी स्टँडपर्यंत पोचलो नाही. देवळाच्या पायरीवर बसलो आणि तिथं तीन जणांनी मिळून माझं थर्मल काढलं. ते अंगाला असं चिकटलं होतं की एक जण पाय धरून आणि दोघं बाह्या धरून ओढत होते. पण चाचणी यशस्वी झाली. थंडी वाजली नाही.

या प्रकारानंतर आम्ही निघाल्याची बातमी अख्ख्या पारनेरला कळली आणि घरात डबे यायला लागले. शुभांगी म्हणजे गल्लीची पोर. लहानपणी ती कुणाच्याही घरात जाऊन जेवायची. (त्या वेळी मला त्याची लाज वाटायची. आता तेच लोक छाती काढून सांगतात, "आमच्याकडं जेवून इंजिनिअर झाली.") कुसुमवहिनींनी कुरडया दिल्या. कुणी येसर आणलं. नगरकडच्या माणसाला आमटीत येसर नसलं तर आमटीच वाटत नाही. शेंगदाण्याची चटणी तर पाच घरांतून आली आणि पाचही घरांनी हळूच सांगितलं, "बाकीच्यांची ऱ्हाऊ द्या, पन आमची तेवढी न्या." मी कुणालाच नाही म्हटलं नाही. कसं म्हणणार? लोक चटणी देत नव्हते, अभिमान पुड्यांत बांधून देत होते.

बॅगा भरल्या. मी दोन पावलं मागं सरून नजर लावली. "बावीस," मी जाहीर केलं. "दोन्ही बावीस बावीस."

मंदानं एक बॅग उचलून बघितली. बॅग जागची हलली नाही. मंदा हलली.

"पोपटशेठचा काटा हाय," ती म्हणाली. "तिकडं चला."

पोपटशेठ माझा वर्गमित्र, कांद्याचा अडत्या. मी लगेच तयार झालो, कारण मला खात्री होती. चारचौघांत झालं तर बरंच, असंही वाटलं. टेम्पोत बॅगा टाकल्या आणि कांद्याच्या मार्केटात गेलो. लिलाव नुकताच उरकला होता. शेतकरी, हमाल, व्यापारी, सगळे मोकळे होते. जपानच्या बॅगा आल्या म्हटल्यावर पंचवीस-तीस माणसांचं कडंच पडलं.

"बोल कंडक्टर," पोपटशेठ म्हणाला. "किती?"

"बावीस."

बॅग काट्यावर चढली. लाल आकडे पळाले, थांबले. चौतीस किलो दोनशे.

"काटा बिघडलाय तुझा," मी म्हणालो.

पोपटशेठनं बॅग उतरवली आणि स्वतः काट्यावर उभा राहिला. "ब्याऐंशी. सकाळीबी ब्याऐंशीच हुतो. दुसरी आना."

दुसरी एकतीस भरली. गर्दीतून एक म्हातारे शेतकरी पुढं आले, डोक्याची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "कंडक्टर, मला वळखलं का? आळकुटीच्या गाडीला माझ्याकडनं लई लगेज घेतलंय तुमी. आज तुमचंच फाडा!"

अख्खं मार्केट हसलं. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले.

"उघडा बॅगा," मंदा म्हणाली.

"इथं नको. घरी जाऊन उघडू."

"का? काय भरलंय तुमी माझ्या माघारी?"

तिनं चेन ओढली. चेन अर्धी आली आणि आतून एक नारळ बाहेर पडून गडगडत कांद्याच्या ढिगाकडं गेला. त्याच्यामागं दुसरा. मग तिसरा. एकूण नऊ नारळ पारनेरच्या मार्केटात नऊ दिशांना गेले. त्यांच्यामागं शाली निघाल्या, आणि शेवटी गुलाबी फेट्यांची गुंडाळी.

"हे काय?" मंदानं विचारलं.

"सत्कार."

"कुनाचा?"

"शुभांगीच्या साहेबाचा. आणि त्यांच्या वरच्या साहेबाचा. आणि आनखी कोनी असले तर..."

"ती म्हनली हुती ना, फळं नको!"

"नारळ फळ न्हाई," मी ठामपणे म्हणालो. "श्रीफळ हाय!"

"अवो, त्यातच फळ हाय की!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि जे मघाशी हसले नव्हते तेही हसले.

पण मीही एसटीतला माणूस. तपासायचं तर सगळ्यांचं! मी दुसरी बॅग उघडली. वर साड्या. साड्यांखाली गोधडी, एकट्या गोधडीचं वजन चार किलो. आणि गोधडीत बाळासारखा गुंडाळलेला लोखंडी खलबत्ता.

"आता बोल!" मी म्हणालो.

मंदा जराही ढळली नाही. "पोरीला मिक्सरची चटणी आवडत न्हाई."

"पाच घरच्या चटण्या नेतोय की आपन!"

"त्या संपल्यावर?"

पोपटशेठनं खलबत्ता दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि अदबीनं बाजूला ठेवला. मग मंदानं पदर खोचला, कांद्याच्या गोणीवर बैठक मारली आणि सगळ्यांदेखत दोन्ही बॅगा पहिल्यापासून भरायला घेतल्या. पाच चटण्या एका डब्यात थर देऊन बसवल्या. ("पाची घरास्नी सांगता येतं, तुमची नेली.") स्वेटरच्या बाह्यांत पापड, बुटांत पायमोजे, पायमोज्यांत गोळ्यांच्या डब्या. एकही कोपरा वाया गेला नाही. मी आपला वाकून नारळ गोळा करत होतो. अर्ध्या तासानं बॅगा काट्यावर चढल्या. एक बावीस किलो आठशे, दुसरी बावीस सहाशे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हातात नारळ होते, त्यामुळं आवाज वेगळा आला.

गोष्ट इथं संपली असती तर मी चार लोकांत तोंड वर काढून बसलो असतो. पण निघायच्या तीन दिवस आधी गल्लीतल्या मंडळींनी कोपऱ्यावर फ्लेक्स लावला.

दहा फूट उंच, सहा फूट रुंद! मधोमध हेल्मेट घातलेली, हातात मापाचं यंत्र धरलेली शुभांगी. तिच्या डोक्यावर अक्षरं: "लेकीच्या कर्तृत्वावर आई-वडील निघाले जपानला!" आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो, चार ओळी. फोटो गोळा करायचं काम मीच केलं होतं.

तो फ्लेक्स मी सकाळी बघितला, दुपारी बघितला, दूध आणायच्या निमित्तानं दोनदा बघितला. हातगाडीवाल्याला थांबवून दाखवला. मुलगी सहा फुटांची दिसत होती, आणि मला ती तेवढीच वाटत होती. बघता बघता मनात आलं: हे पारनेरला काय दाखवायचं? पारनेरला सगळं माहीत आहे. हे तिच्या साहेबानं बघायला पाहिजे. त्याला कळू दे, आपण कुणाची मुलगी कामाला ठेवलीय!

निघायच्या दिवशी दुपारी दोन वाजता, उन्हानं सगळी गल्ली दारं लावून पडलेली असताना, मी शिडी लावली आणि फ्लेक्स उतरवला. घडी करून घरात आणला. मंदा कुसुमवहिनींना घराची किल्ली द्यायला गेली होती. माझ्या बॅगेत जागा कुठली असणार? तेव्हा मी विचार केला. गारठा, गारठा म्हणजे असा किती असणार? पारनेरचा डिसेंबर आपण एका बनियनवर काढलाय. एका हातात फ्लेक्स धरला, दुसऱ्या हातात दोघांचे स्वेटर आणि थर्मल. डोळे मिटले. तोललं. सारखं वाटलं. स्वेटर-थर्मल पलंगाखाली ढकलले आणि फ्लेक्स बॅगेत भरला. बाह्यांतले पापड मात्र काळजीपूर्वक काढून परत ठेवले. मी निष्काळजी माणूस नाही.

मुंबईला विमानतळावर मी बॅग पट्ट्यावर ठेवली. आकडा उमटला. बावीस किलो आठशे! ग्रॅमचाही फरक नाही! तेहेतीस वर्षांच्या नोकरीत जे सिद्ध झालं नाही ते आज झालं, माझा अंदाज अचूक निघाला, आणि ते मी कुणाला सांगू शकत नव्हतो.

"बघा," मंदा म्हणाली, "मी भरली की कशी बरोबर भरती."

"व्हय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

वाटेत एक विमान बदलून आम्ही दुसऱ्या दिवशी भर दुपारी जपानला उतरलो. शिक्का मारणाऱ्या खिडकीतून सुटलो, बॅगा आल्या, आणि बाहेरच्या दाराशी सामान तपासणाऱ्या टेबलापाशी एका बाईंनी आम्हाला थांबवलं. पांढरे हातमोजे, केस चापूनचोपून बसवलेले, इतक्या अदबीनं वाकल्या की आमचंच काहीतरी चुकलंय असं वाटलं. त्यांनी बॅगेकडं बोट केलं.

आता जपानीत होकार द्यायचा तर 'हाय' म्हणतात. हे आम्हाला माहीत नव्हतं. मंदानं डबा दाखवून सांगितलं, "यात चटनी हाय."

"हाय," बाई म्हणाल्या.

मंदाचा चेहरा उजळला. "आनि हे पापड हाय."

"हाय."

"यात येसर बी हाय!"

"हाय, हाय!"

"अवो," मंदा माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्या आपल्याकडच्याच हायेत!"

बाईंनी एक कुरडई उचलली, उजेडात धरली, चारही बाजूंनी फिरवली आणि मान डोलावली. सगळं छान चाललं होतं. मग त्यांचा हात खाली गेला आणि त्या घट्ट, जाड, चकाकत्या घडीवर थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वर छताकडं बघितलं. त्यांनी हाक मारून एका साहेबांना बोलावलं आणि दोघांनी दोन टोकं धरून घडी उलगडायला सुरुवात केली.

एक घडी. दुसरी घडी. आधी अक्षरं आली, मग हेल्मेट. मग कपाळ, मग डोळे. ते दोघं मागं मागं सरत गेले. दहा फूट झाले तेव्हा एक जण भिंतीला टेकला होता. आमच्यामागं रांगेत उभी असलेली माणसं पायाच्या चवड्यांवर उभी राहून बघायला लागली.

"हे... हे हिकडं कसं आलं?" मंदा म्हणाली. आणि मग बॅगेत हात घालून, "आनि माझं स्वेटर कुठाय?"

मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होतो. "डॉटर!" मी साहेबांना सांगत होतो. "माय डॉटर! इंजिनिअर! सुपा!"

साहेब खालच्या चार ओळींतले फोटो निरखायला लागले. आमचे शुभेच्छुक सगळे गॉगल लावून आणि फोन कानाला धरून. मी कल्पना करू शकतो, की एखाद्या परक्या माणसाला ही यादी पोलिसांनी छापलेली वाटू शकते. साहेबांचं बोट फिरत फिरत पहिल्या ओळीत आलं आणि माझ्यावर थांबलं. त्यांनी माझा पासपोर्ट घेतला. पासपोर्टवरचा फोटो बघितला, मला बघितलं, पटलं नाही. मग फ्लेक्सवरचा फोटो बघितला, मला बघितलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "हाय!"

ओळख पटली! मी सांगतो, त्या क्षणी मला कसलीही भीती उरली नव्हती. जपान सरकारचे दोन अधिकारी माझ्या मुलीचा फोटो दोन्ही हातांनी धरून उभे होते. पारनेरच्या कोपऱ्यावर तो दोरीनं बांधला होता.

नेमकं तेव्हाच बाहेर जाणाऱ्या कुणासाठी तरी ते आपोआप उघडणारं काचेचं दार सरकलं. दाराबाहेर, माणसांच्या पहिल्या रांगेत, शुभांगी उभी होती. तिच्याशेजारी करड्या कोटातले, वयस्कर, सडपातळ जपानी गृहस्थ. शुभांगीनं आत बघितलं. आतून सहा फुटी शुभांगीनं तिच्याकडं बघितलं. दार बंद झालं. पुन्हा उघडलं. खऱ्या शुभांगीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. फ्लेक्समधली मात्र हसत होती.

पाच मिनिटांनी आम्ही बाहेर आलो. परत घडी करायला अधिकाऱ्यांना जमलं नव्हतं, त्यामुळं फ्लेक्स माझ्या खांद्यावर होता.

"आप्पा!" शुभांगी म्हणाली. तिला रडायचं होतं की ओरडायचं होतं ते कळेना. शेवटी ती आईच्या गळ्यात पडून हसत सुटली. मग तिला काहीतरी जाणवलं. "आई, तू थरथरतेस का? स्वेटर कुठाय?"

"पलंगाखाली," मी म्हणालो. माझेही दात वाजत होते. दारातून येणारा वारा पारनेरच्या डिसेंबरचा कुणी लागत नव्हता.

ते करड्या कोटातले गृहस्थ म्हणजे शुभांगीचे साहेब. आम्ही पहिल्यांदाच येतोय म्हणून स्वतःची गाडी घेऊन आले होते. त्यांनी कोट काढला आणि मंदाच्या खांद्यावर ठेवला. मग हात पुढं करून, विचारून, फ्लेक्सचं एक टोक धरलं. दुसरं मी अभिमानानं धरलं. त्यांनी अक्षरांकडं बोट केलं आणि शुभांगीला काहीतरी विचारलं. तिनं सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि फोटो बघायला लागले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. परत पहिली. मग शुभांगीला हळूच काहीतरी म्हणाले.

शुभांगीनं चारही ओळींवरून नजर फिरवली.

"काय म्हनत्यात?" मी विचारलं. "आवडला ना?"

"ते म्हणतायत," शुभांगी माझ्याकडं न बघता म्हणाली, "वर लिहिलंय आई-वडील. वडील सापडले. एवढ्या सगळ्यांत आई कुठली?"

मी फ्लेक्स बघितला. मीही पहिल्यांदाच तसा बघितला. सव्वीस माणसं होती. पोपटशेठ होता. ज्याची शिडी मी आणली होती तो होता. मार्केटातले म्हातारबाबा होते. मागच्या गल्लीतला एक जण होता, त्याचं नावही मला माहीत नव्हतं. फोटो मीच गोळा केले होते.

"मी बॅग भरत हुते," मंदा म्हणाली. तक्रार नव्हती, आपली माहिती दिली.

शुभांगीनं ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी फ्लेक्सचं टोक तिच्या हातात दिलं, दोन्ही हात सरळ खाली सोडले, मंदासमोर उभे राहिले आणि कमरेत इतके खाली वाकले, की त्यांच्या डोक्यावरचा भांग मला बाजूनंही दिसला.

आता साहेब वाकले म्हटल्यावर मी कसा ताठ उभा राहणार? मीही वाकलो. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, बायकोसमोर, परदेशात, शंभर माणसांदेखत.

मंदानं कोट नीट सावरून घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आता वाकलाच हाय, तर बॅगा बी उचला."